दोष की दुखणे?

'व्यसन' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, त्याहून त्याचा मूळ अर्थ पुष्कळच विस्तृत होता. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, आपत्ती, नाश. आणि त्याबरोबरच मनुष्याला जडलेला एखादा वाईट नादही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांनाच वाहिलेले आहे. राजावर, अमात्यांवर, कोशावर व सैन्यावर येणाऱ्या संकटांचा विचार त्यात जसा केलेला आहे, तसाच द्यूत, मृगया व मद्यपान यांच्या नादाचाही केलेला आहे. आग, महापूर, रोगराई, दुष्काळ आणि मद्याचा प्याला ही सर्व एकाच शब्दाच्या छत्राखाली बसलेली पाहून आजच्या वाचकाला थोडे नवल वाटेल. मराठीत मात्र या शब्दाचा पहिला अर्थ गळून पडला व दुसराच तेवढा उरला. 'अमक्याला व्यसन आहे' असे कोणी सांगितले, म्हणजे त्या माणसावर आपत्ती कोसळली आहे असे आपल्या मनात येत नाही. तो वाईट चालीचा आहे, एवढेच येते. शब्दाच्या अर्थातील ही घट आपल्या समाजाला फार महाग पडली आहे, असे माझे मत आहे. आणि पुण्यासारख्या शहरात तर त्याचा प्रत्यय पदोपदी येतो.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची जुनी चाल आहे. नांदेड, लातूर, जळगाव, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो मुले-मुली येथे शिकण्यास येतात. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये या शहराचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत निराळ्याच कारणाने झळकले. पोलिसांनी पुण्यातून, दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून आणि मग धागेदोरे जुळवीत सांगली जिल्ह्यातून व थेट दिल्लीतून मेफेड्रोन नावाच्या मादक द्रव्याचा प्रचंड साठा हस्तगत केला. सगळा मिळून तो १,७०० किलोहून अधिक भरला आणि त्याची किंमत तीन हजार कोटी रुपयांच्या वर सांगण्यात आली. त्या रकमेच्या आकड्याने लोक थक्क झाले. मला मात्र वजनाचा आकडा अधिक भयंकर वाटतो. हे द्रव्य विकले जाते ते ग्रॅमच्या हिशेबाने. तेव्हा १,७०० किलो म्हणजे किती घरांत शिरण्याइतके विष, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

या घटनेत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अफू शेतात पिकते, गांजाही झाडावर वाढतो. त्यांना जमीन लागते, पाऊस लागतो, आणि दुरून आणावयाचे तर रस्ते व सीमा ओलांडाव्या लागतात. मेफेड्रोनला यांपैकी कशाचीच गरज नाही. ते रसायनांपासून कारखान्यात बनते. १९२९ मध्ये ते प्रथम प्रयोगशाळेत तयार झाले व नंतर कित्येक दशके विस्मृतीत पडून राहिले. या शतकाच्या आरंभी कोणीतरी त्याला उकरून काढले आणि पाहता पाहता ते पश्चिमेकडील तरुणांत पसरले. भारतात २०१५ मध्ये त्याचा समावेश निषिद्ध द्रव्यांच्या यादीत झाला. ज्या प्रकारच्या वसाहतीत तापाची व खोकल्याची औषधे तयार व्हावयाची, त्याच प्रकारच्या वसाहतीत हे विषही गुपचूप तयार होऊ शकते. सीमेवर कितीही कडक पहारा ठेवला तरी तो येथे अपुराच पडणार. पोलिसांनी केलेले काम मोलाचे आहे, यात संशय नाही. ते त्यांनी करीत राहिलेच पाहिजे. परंतु साठा पकडला की घेणाऱ्याची तहान आपोआप भागते, असे थोडेच आहे? एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो.

नशेची चिंता पुण्याला आजच लागलेली नाही. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, शहरात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून आपला विरोध नोंदविला होता. १९०८ च्या उन्हाळ्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहून येणाऱ्यांना हात जोडून परत फिरण्याची विनंती करीत, आणि त्याबद्दल त्यांच्यावर खटले भरले जात. कारण सरकारला अबकारीचे उत्पन्न बुडण्याची धास्ती होती. त्याच वर्षी जून महिन्यात टिळकांना अटक झाली व ती चळवळ मंदावली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या व द्रव्यांच्या बंदीचे ध्येय नमूद झाले. मुंबई इलाख्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदाही झाला. त्या कायद्याने पुष्कळांना दारूपासून दूर ठेवले असेल. पण त्याच काळात गावोगावी हातभट्ट्याही पेटल्या, हे विसरून चालणार नाही. कायदा दुकानाला कुलूप लावू शकतो. माणसाच्या आत जे सुरू असते तेथवर त्याचा हात पोहोचत नाही.

मग माणसाच्या आत सुरू असते तरी काय? राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांनी झाला. त्यातील सुधाकर हा कोणी उडाणटप्पू नव्हे. तो बुद्धिमान, स्वाभिमानी, स्वतःच्या कष्टाने वर आलेला वकील आहे. त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, अपमानाचा डंख त्याला सोसवत नाही, आणि अशा वेळी तळीराम त्याच्या पुढे पहिला प्याला करतो. हा तळीराम त्याचा शत्रू नाही, दुःख विसरण्याचा उपाय सुचविणारा ओळखीचाच माणूस आहे. गडकऱ्यांची दृष्टी किती अचूक होती हे आजही पटते. पहिला घोट, पहिली पुडी, पहिला झुरका कोणी अनोळखी राक्षस अंधाऱ्या गल्लीत गाठून देत नाही. बहुधा तो देतो मित्र. वर्गातला, वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीतला, कधी नात्यातलाही. 'एकदा घेऊन पाहा, काही होत नाही' हे त्याचे बोल खोटे असतात असेही नाही. पुष्कळदा पहिल्या वेळी खरोखरच काही होत नाही. फास असा हळू आवळत जातो म्हणूनच तो ओळखू येत नाही.

शरीरशास्त्राने या फासाची गाठ आता बरीचशी उलगडली आहे. भुकेल्याला अन्न मिळाले, खेळात जिंकलो, आईने पाठीवर हात फिरविला, की आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि 'हे चांगले झाले, पुन्हा कर' अशी खूण मेंदू मनाशी करून ठेवतो. जगण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. मादक द्रव्य या सोयीवरच दरोडा घालते. कष्ट नाहीत, विजय नाही, माया नाही; तरी मेंदूत त्या द्रव्याचा नैसर्गिक आनंदाच्या वेळी येतो त्याहून कितीतरी मोठा लोंढा येतो. असे वारंवार होऊ लागले म्हणजे मेंदू आपले दरवाजे अर्धे लावून घेतो. मग कालच्याइतक्या मात्रेत आज काही वाटत नाही, म्हणून मात्रा वाढते. जेवण, गाणे, क्रिकेट, मित्रमंडळी या साऱ्यांतील गोडी आटते. आणि द्रव्य मिळाले नाही तर अंग मोडून येते, पोटात कळा येतात, झोप उडते, घाम सुटतो. गर्दच्या आहारी गेलेले लोक या यातनांना 'टर्की' म्हणतात. आरंभी सुखासाठी घेतलेली वस्तू शेवटी केवळ यातना टाळण्यासाठी घ्यावी लागते. घेणाऱ्याला त्या वेळी सुख होत असेल, ही बाहेरच्यांची समजूत आहे.

विचार करणारा, 'थांब' म्हणणारा जो मेंदूचा पुढील भाग, तो पूर्ण परिपक्व व्हावयास वयाची पंचविशी उजाडते. सुखाची खूण करणारा भाग मात्र फार आधी जोमात आलेला असतो. म्हणूनच तेराव्या-चौदाव्या वर्षी ओढलेली विडी तिसाव्या वर्षी ओढलेल्या विडीपेक्षा अधिक घट्ट चिकटते. मोठी माणसे मुलांना या गोष्टींपासून दूर राहण्यास सांगतात त्यात निव्वळ हुकूमशाही असते असे मुलांना वाटते. येथे तरी मोठ्यांच्या बाजूने शास्त्र उभे आहे. मात्र तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून मुलाला उपदेश करणाऱ्या वडिलांच्या बाजूने ते उभे आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील पंधरा वर्षांवरील दर शंभर माणसांत जवळजवळ २९ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखूचे सेवन करणारी आढळली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो कोठे मिळतो हे मात्र गल्लीतील लहान पोरही सांगेल.

आता पुण्यातीलच एका अशा प्रयत्नाकडे वळू, ज्याने व्यसनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात 'ब्राउन शुगर' नावाचे हेरॉइनचे भेसळयुक्त रूप पसरू लागले. लोकांनी त्याला 'गर्द' हे नाव दिले. या हेरॉइनचा इतिहासही मोठा उपरोधिक आहे. १८९८ मध्ये एका नामांकित जर्मन कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले होते, आणि मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही अशी त्याची प्रसिद्धी केली होती! सवय लागते, आणि ती मॉर्फिनहूनही तीव्र असते, हे कळेपर्यंत पुष्कळांची वाताहत झाली. तेच द्रव्य शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत पुण्याच्या पेठांत येऊन पोहोचले. व्यवसायाने डॉक्टर पण वृत्तीने लेखक व पत्रकार असलेल्या अनिल अवचट यांनी या विषयाचा मागोवा घेतला, गर्द ओढणाऱ्या मुलांत व त्यांच्या घरांत ते हिंडले, आणि जे दिसले ते लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अवचटांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी अशा मुलांसाठी काही करण्यास एक लाख रुपये देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पुढे त्याला येरवड्यातच स्वतःची वास्तू मिळाली. अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या व अनिल अवचट २०२२ मध्ये. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे चालविले.

या केंद्राची गोष्ट येथे सांगावयाचे कारण त्याची कीर्ती हे नव्हे. तेथे गृहीत धरलेले एक तत्त्व हे आहे. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, आणि रुग्णाला मारून किंवा कोंडून बरे करता येत नाही, असे तेथे पहिल्या दिवसापासून मानले गेले. आज हे वाक्य साधे वाटते. त्या काळी, आणि कित्येक ठिकाणी आजही, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे, देवरुषाकडे नेणे, दारूत न सांगता औषध मिसळणे हेच उपचार समजले जात. मुक्तांगणात रुग्ण सुमारे पाच आठवडे राहतो. शरीरातील विष उतरेपर्यंत डॉक्टर त्याच्या यातना औषधांनी सुसह्य करतात. ही खबरदारी आवश्यक असते, कारण दीर्घकाळ दारू पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीवाचून ती एकाएकी थांबविली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. नंतर सुरू होते खरे काम: बोलणे, ऐकणे, गटात बसून आपली कर्मकहाणी सांगणे, पहाटे उठणे, झाडलोट करणे, व्यायाम, गाणी. पूर्वी स्वतः रुग्ण म्हणून आलेली व व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे समुपदेशकाचे काम करतात. नव्याने आलेला रुग्ण आपली थापेबाजी सुरू करतो आणि समोरचा माणूस हसून म्हणतो की, ही थाप मीही मारीत असे. त्यापुढे अवसान टिकणे कठीण. हे तत्त्व अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या मद्यपींच्या मंडळाने प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरून दाखविले होते. एका दारुड्याला दुसऱ्या दारुड्याइतके कोणी समजू शकत नाही, हा त्यांचा अनुभव पुण्यातही खरा ठरला.

पत्नीकडे, आईकडे लक्ष पुरविणे हा याच कामाचा दुसरा भाग होय. घरात एक जण व्यसनी झाला की त्या घरातील सर्वांच्याच मनाचा तोल बिघडतो. आई पैसे लपविते, बायको कार्यालयात दूरध्वनी करून 'त्यांना ताप आला आहे' असे सांगते, बहीण मैत्रिणींना घरी बोलावीत नाही, लहान भाऊ जिन्यावर पावले वाजली की दचकतो. सगळे मिळून एकच गोष्ट सांभाळीत असतात, ती म्हणजे गुपित. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या घराघरांत अशा वेळी फार कामी येते, आणि मला वाटते की व्यसनाच्या बाबतीत तिच्याइतकी घातक म्हण दुसरी नसेल. मूठ झाकलेली असते तोपर्यंत रोग वाढत असतो. ती उघडेपर्यंत नोकरी गेलेली असते, यकृत किंवा फुप्फुस खराब झालेले असते, शाळा सुटलेली असते.

लोक हे गुपित का सांभाळतात? कारण बाहेर कळले तर काय ऐकावे लागेल, हे त्यांना ठाऊक असते. आपल्या भाषेत अशा माणसांसाठी तयार शब्द आहेत: दारुडा, बेवडा, आणि गर्द आल्यानंतर घडविलेला 'गर्दुल्ला'. हा शेवटचा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही निःसंकोच छापला जातो. दमेकऱ्याला दमा असतो, मधुमेह्याला मधुमेह असतो. पण 'गर्दुल्ला' म्हटले की त्या माणसाचे बाकी सर्व पुसले जाते. तो कोणाचा मुलगा आहे, तबला वाजवितो, गणितात हुशार होता, हे कोणी विचारीत नाही. वर मीही 'दारुडा' हा शब्द वापरला आहे. परंतु त्या मंडळाचे सभासद स्वतःविषयी तो वापरतात तेव्हा त्यात कबुली असते, आणि आपण दुसऱ्याविषयी वापरतो तेव्हा निकाल असतो.

या तिरस्काराची किंमत आकड्यांतही मोजता येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर एक मोठी पाहणी केली. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे १६ कोटी लोक मद्य घेणारे आणि दोन कोटींहून अधिक लोक अफूवर्गीय द्रव्ये घेणारे आढळले. परंतु मन खिन्न करणारी गोष्ट निराळीच आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे केवळ एकाला काही उपचार मिळाला होता. निषिद्ध द्रव्यांच्या आहारी गेलेल्या दर २० माणसांमागे केवळ एकाला. उरलेल्यांना उपचार का मिळाला नाही? केंद्रे थोडी आहेत, दूर आहेत, खर्च परवडत नाही, ही कारणे खरी आहेत. पण दारात केंद्र असूनही आत पाऊल न टाकणारे कितीतरी लोक असतात. 'मला आत जाताना कोणी पाहिले तर?' या प्रश्नाने त्यांचे पाऊल उंबऱ्याबाहेरच अडते. त्याच पाहणीत आणखी एक उलटे चित्र दिसले. हुंगावयाच्या रसायनांची नशा प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळली: प्रौढांत हजारी सुमारे सहा, तर मुलांत हजारी सुमारे बारा. रेल्वेस्थानकांच्या आसपास, पुलांखाली राहणारी मुले भूक आणि थंडी विसरण्यासाठी याचा आश्रय घेतात. त्यांना वाईट चालीचे ठरविण्यापूर्वी त्यांची रात्र कशी जाते हे तरी विचारावयास हवे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. व्यसन हा रोग मानला तर व्यसनी माणसाची जबाबदारी काहीच उरत नाही का? बायकोचे मंगळसूत्र विकणारा, पोरांच्या फीचे पैसे उडविणारा, दारू पिऊन मोटार चालवून एखाद्याचा जीव घेणारा, हाही 'बिचारा रुग्ण' म्हणून सुटणार का? मुळीच नाही. मधुमेह झाला हा कोणाचा अपराध नसतो. पण मधुमेह आहे हे कळल्यावर पथ्य पाळणे हे त्या माणसाचेच काम असते, ते डॉक्टर त्याच्या वतीने करू शकत नाही. व्यसनाचेही तसेच आहे. केलेल्या नुकसानीचा जाब त्याला द्यावाच लागतो, आणि बरे होण्याचे कष्टही त्यानेच उपसावे लागतात. चांगल्या केंद्रांत त्याच्याकडून हीच अपेक्षा ठेवतात. आपण कोणाकोणाला दुखविले याची यादी करावयास लावतात, शक्य तेथे क्षमा मागावयास लावतात. तिरस्कार करणारे लोक त्याच्याकडून एवढी अपेक्षा कोठे ठेवतात? 'हा सुधारणार नाही' असे एकदा ठरवून ते मोकळे होतात.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व मनाच्या खंबीरपणावर अवलंबून आहे; ज्याचे मन खंबीर त्याला व्यसन लागत नाही आणि लागले तर सुटते. यात सत्याचा अंश आहे. तो पुरेसा नाही. याविषयी एक फार बोलकी हकिगत आहे. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन इतके फैलावले होते की, ते घरी परतल्यावर देशात हाहाकार उडेल अशी तेथील सरकारला धास्ती पडली. ली रॉबिन्स या विदुषीने १९७१ मध्ये परत आलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तिकडे व्यसनाच्या आहारी गेलेल्यांपैकी परत आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले शंभरात सुमारे पाचच निघाले. माणसे तीच, त्यांची मने तीच. बदलले होते ते भोवतालचे जग: बंदुकीच्या सावलीतील परक्या मुलखाऐवजी आता घर होते, काम होते, ओळखीचे चेहरे होते. उलट आपल्याकडे रुग्ण बरा होऊन परततो तो बहुधा त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर, त्याच संशयाच्या नजरांत. नोकरी देताना मालक बिचकतो, नातेवाईक तिजोरीची किल्ली कमरेला खोचतात. मग सहा महिन्यांनी त्याचा पाय घसरला म्हणजे 'आम्ही म्हटलेच होते' असे म्हणावयास सगळे मोकळे. पुन्हा घसरणे हा या रोगाचा नेहमीचा भाग आहे. दमेकऱ्याला पावसाळ्यात पुन्हा धाप लागली तर त्याचे पूर्वीचे औषध वाया गेले असे आपण म्हणत नाही.

पुण्यासारख्या शहरात आणखी एका गोष्टीचा विचार व्हावयास हवा, तो एकटेपणाचा. सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसणारा, चारदोन वेळा परीक्षेत अपयश आलेला, गावाकडे आईवडिलांनी शेत गहाण ठेवून पैसे पाठविलेला तरुण. किंवा हिंजवडीत रात्रपाळी करून परक्या खोलीत परतणारी मुलगी. ही सर्व व्यसनी होतात असे मुळीच नाही. बहुतेक जण टक्केटोणपे खाऊन उभे राहतात. पण सुधाकराचा अपमान जसा तळीरामाला वाट करून देणारा ठरला, तसा एकटेपणाही ठरू शकतो, आणि शहरात तळीरामांना तोटा नसतो. 'कसा आहेस? जेवलास का?' असे विचारणारे एखादे माणूस अशा वेळी जवळ असणे, याचे मोल कोणत्याही पहाऱ्याहून कमी नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा विकणाऱ्यांविषयी अत्यंत कडक आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, जो व्यसनी स्वतः होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार होतो आणि ते पुरे करतो, त्याला केवळ सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणात द्रव्य जवळ बाळगल्याबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कायदा, जो एरवी इतका कोरडा असतो, तो येथे आपल्याहून अधिक समंजस निघाला.

राहता राहिली तुमच्या वयाच्या मुलांची गोष्ट. आपल्या वर्गातला एखादा मित्र काही घेऊ लागला आहे असे ध्यानी आले, तर बहुतेक मुले गप्प बसतात. गुपित फोडणे म्हणजे चहाडी, आणि चहाडी म्हणजे मैत्रीला काळिमा, असा मुलांचा एक अलिखित कायदा असतो. एरवी हा कायदा चांगला आहे. फळा कोणी रंगविला हे मास्तरांना सांगत सुटणारा मुलगा मलाही आवडत नाही. पण विहिरीत पडलेल्या मित्राने 'कोणाला सांगू नकोस' म्हटले म्हणून कोणी घरी जाऊन जेवावयास बसत नाही. अशा वेळी सांगावयाचे ते वर्गभर नव्हे. ज्याच्यावर विश्वास टाकता येईल अशा एकाच मोठ्या माणसाला. मग ती आई असेल, आत्या असेल, शाळेतील एखाद्या बाई किंवा सर असतील. घरात असे कोणी नसेल, किंवा घरातलाच कोणी त्या फासात सापडला असेल, तर केंद्र सरकारने व्यसनमुक्तीसाठी ठेवलेला १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर बोलून आपल्या जवळचे केंद्र कोठे आहे आणि पुढे काय करावयाचे, हे विचारता येते.